अकरा दिवसांची हजेरी

माझी भाची इंग्लंडात लीड्सला असते. रविवारी तिचा फोन येतो. यंदा एप्रिलच्या सुरुवातीला फोनवर म्हणाली, "मावशी, आज फार बोलत नाही. टॅक्सचे कागद काढून बसलेय. पाच तारखेला वर्ष संपतं."

मी म्हटलं, "अगं, मार्च तर संपला की!"

"ते तुमच्याकडे. इथे पाच एप्रिलला वर्ष संपतं आणि सहाला नवं सुरू होतं. ऑफिसात विचारलं, का म्हणून, तर कुणाला धड सांगता येईना."

मी इतिहासाची मास्तरीण. निवृत्त झाले तरी कुणी 'का' म्हटलं की गप्प बसवत नाही. उत्तर ठाऊक होतं, सांगायला लागले आणि अर्ध्यावर अडखळले. कारण या उत्तराच्या शेजारची एक गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षं रंगवून सांगत असे, आणि ती खरी नाही हे मला निवृत्तीनंतर कळलं. त्या गोष्टीचं एक देणंही माझ्याकडे राहिलं आहे. म्हणून आज हे सगळं लिहायला घेतलं.

आधी हकिकत सांगते.

ज्युलियस सीझरच्या वेळेपासून युरोपात वर्ष ३६५ दिवस आणि सहा तासांचं धरत. सूर्याचं वर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटं म्हणजे काय, चहा होईपर्यंतचा वेळ! पण साधारण सव्वाशे वर्षांत त्याचा एक अख्खा दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत तारखा आणि ऋतू यांच्यात दहा दिवसांचं अंतर पडलं. ईस्टरचा सण त्यामुळे चुकीच्या वेळी येऊ लागला. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर धरायला लावला. स्पेन, पोर्तुगाल, पोलंड या कॅथलिक देशांनी ते लगेच मानलं.

इंग्लंड प्रॉटेस्टंट. एलिझाबेथ राणीच्या दरबारातल्या जॉन डी या गणितज्ञाने दुरुस्ती करावी असा अहवाल दिला होता, पण धर्मगुरूंनी ती होऊ दिली नाही. पोपने सांगितलेलं कसं ऐकायचं! गणित बरोबर होतं, सांगणारा चुकीचा होता. (आपल्या घराघरांतही हेच चालतं ना? सासूने सांगितलेलं औषध सून घेत नाही, डॉक्टरने तेच लिहून दिलं की घेते.) तर या हट्टापायी इंग्लंड पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं शेजाऱ्यांच्या मागे राहिलं. सन १७०० उलटल्यावर अंतर दहाचं अकरा दिवस झालं.

शिवाय त्यांचं कायद्याचं वर्ष जानेवारीत सुरूच होत नसे. ते २५ मार्चला सुरू होई. तो मेरीमातेचा सण, 'लेडी डे'. त्याच दिवशी खंड भरायचे, करार करायचे, हिशेब मिटवायचे. आपला पाडवाच म्हणा.

अखेर १७५१ साली पार्लमेंटने कायदा केला. तो मांडला लॉर्ड चेस्टरफील्ड यांनी. गंमत अशी की त्यांनी स्वतःच मुलाला पत्रात कळवलंय, की मला यातलं खगोलशास्त्र काही कळत नव्हतं, पण मी छान बोललो म्हणून सभेला वाटलं मला सगळं कळतं. ज्यांना खरोखर कळत होतं ते लॉर्ड मॅकल्सफील्ड त्यांच्यानंतर बोलले, पण वाहवा चेस्टरफील्डची झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. असो.

कायद्याने दोन गोष्टी झाल्या. वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागलं, त्यामुळे १७५१ हे साल इंग्लंडात फक्त २८२ दिवसांचं झालं. आणि १७५२ च्या सप्टेंबरात बुधवारी २ तारीख होती, तर दुसऱ्या दिवशी गुरुवारी १४ तारीख उजाडली. सप्टेंबर एकोणीस दिवसांचा! माझ्या नातवाने त्याच्या लिनक्सच्या संगणकावर त्या महिन्याचं पान काढून दाखवलं. दोनच्या शेजारी चौदा. मला फार मौज वाटली.

आता माझी गोष्ट. मी वर्गात सांगत असे, की हे झाल्यावर इंग्लंडातली अडाणी जनता खवळली, सरकारने आपलं आयुष्य अकरा दिवसांनी कमी केलं असं त्यांना वाटलं, "आमचे अकरा दिवस परत द्या" म्हणून ते रस्त्यावर आले, दंगली झाल्या. मी हात उंचावून ती घोषणा देई. मुलं खो खो हसत. राज्य करणाऱ्या इंग्रजांतही असे भोळसट होते, हे ऐकून आमच्या तालुक्याच्या गावच्या पोरांना बरं वाटे. मलाही वाटे.

दंगली झाल्याच नव्हत्या. रॉबर्ट पूल नावाच्या इतिहासकाराने १९९० च्या दशकात त्या काळचे कागद धुंडाळले, तर दंगलीचा पुरावा कुठे सापडला नाही. मग ही कथा आली कुठून? विल्यम होगार्थ या चित्रकाराचं १७५५ च्या सुमाराचं एक चित्र आहे. निवडणुकीच्या जेवणावळीचं, दारू आणि गोंधळाचं. त्यात जमिनीवर एका माणसाच्या पायाखाली एक फलक पडलेला दिसतो, आणि त्यावर अकरा दिवस परत मागणारी ती घोषणा आहे. चित्राला निमित्त होतं ऑक्सफर्डशरमधल्या १७५४ च्या निवडणुकीचं. तिथे मॅकल्सफील्ड यांचा मुलगा उभा होता आणि बापाचं कॅलेंडर विरोधकांनी प्रचारात ओढलं होतं. म्हणजे प्रचारातली टोमणेबाजी, तिच्यावर चित्रकाराने केलेली थट्टा, आणि पुढच्या लोकांनी त्या थट्टेचा केलेला इतिहास. त्या रांगेत शेवटी मी उभी.

मग लोकांना काहीच वाटलं नाही का? वाटलं, पण वेगळं. बकिंगहॅमशरमध्ये क्वेंटन नावाचं खेडं आहे. तिथे एक काटेरी झाड होतं. ग्लास्टनबरीच्या पवित्र झाडाची फांदी लावून ते वाढलं आणि ख्रिसमसच्या आदल्या रात्री ते फुलतं, अशी श्रद्धा होती. १७५२ च्या डिसेंबरात, नव्या तारखेच्या आदल्या रात्री, दोन हजारांवर माणसं कंदील-मेणबत्त्या घेऊन तिथे जमली. झाड फुललं नाही. झालं! लोक म्हणाले, हा खरा ख्रिसमस नव्हे. मग आसपासच्या पाद्रींना जाहीर करावं लागलं, की जुना सणही पाळला जाईल. त्या वेळच्या एका लंडनच्या मासिकात ही बातमी छापून आली होती.

हे वाचलं आणि मला माझी आजी आठवली. ती म्हणायची, कागदावरची तारीख माणसाची, तिथी चंद्राची. त्या थंडीत झाडाशी उभी राहिलेली माणसं मूर्ख नव्हती. सणाचा दिवस सरकार ठरवतं की झाड, हे ती तपासायला गेली होती. आजही शेटलंडजवळच्या फूला बेटावर ६ जानेवारीला जुना ख्रिसमस करतात, आणि वेल्समधल्या ग्वाइन खोऱ्यात १३ जानेवारीला जुनं नववर्ष.

आणि आपण तरी काय निराळं करतो? रायगडावर राज्याभिषेक सोहळा ६ जूनलाही होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही. ही ६ जून १६७४ तारीख कोणत्या कॅलेंडरची? इंग्रजांच्या त्या जुन्या! समारंभाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन हजर होता. त्याच्या हिशेबाने ६ जून. त्याच दिवशी गोव्यात पोर्तुगीजांच्या दप्तरात १६ जून असणार, आणि आजचं कॅलेंडर मागे नेलं तरी १६ जूनच येतो. गडावरच्या आपल्या माणसांना दोन्हींशी देणंघेणं नव्हतं. त्यांची त्रयोदशी होती, आणि ती कुठल्याही पार्लमेंटने हलवली नाही.

आता ते देणं.

१९८० च्या दशकातली गोष्ट. मी दंगलीची गोष्ट सांगितली, वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. त्याचे आईवडील रोजगार हमीच्या पाझर तलावाच्या कामावर जात. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मग त्या अकरा दिवसांची हजेरी मांडली का नाही?"

वर्ग आणखी हसला. मीही हसले. म्हटलं, "अरे, ते दिवस नव्हतेच, तर हजेरी कसली? बस खाली."

तो बसला. पुढे त्याने माझ्या तासाला प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. १७५१ चा कायदा करणाऱ्यांनाही तो पडला होता आणि त्यांनी कायद्यात त्याचं उत्तर लिहून ठेवलं होतं. खंड, व्याज, पगार, कराराची मुदत, जे काही देणं असेल ते तारीख उडाली म्हणून अकरा दिवस आधी मागायचं नाही. खरोखरचे तेवढे दिवस भरल्यावरच ते द्यायचं. एखादा एकवीस वर्षांचा होऊन वारसाहक्क मिळवणार असेल, तर त्यानेही पुरते दिवस मोजायचे. २५ मार्चला मिटणारे हिशेब त्यामुळे ५ एप्रिलला मिटू लागले. माझ्या भाचीचं करवर्ष त्या तारखेला संपतं ते यामुळेच. त्या अकरा दिवसांची हजेरी आजही ब्रिटनच्या सरकारी हिशेबात मांडलेली आहे!

आणि मी त्या पोराला सांगितलं, ते दिवस नव्हतेच.

मी हे कुठल्या तोंडाने म्हणाले, तेही लिहिते. आमच्या शाळेत पहिलीत पोर घालायला आलेल्या आईला जन्मतारीख विचारली, की ती सांगायची, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी", "पहिल्या पावसात". गुरुजी मान डोलवत आणि दाखल्यावर १ जून लिहीत. माझ्या पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, बघा तुमच्या घरात! माझाही त्याच दिवशी. आई सांगायची, तू कार्तिकातली. म्हणजे काही महिन्यांचं माझं वय सरकारदरबारी कधी मांडलंच गेलं नाही किंवा जास्तीचं मांडलं गेलं. कोणतं, ते सांगायला आता आई नाही.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. कुठे असतो, ठाऊक नाही. त्या शाळेतले जुने विद्यार्थी अधूनमधून हे वाचतात, म्हणून इथे लिहून ठेवते.

बाळा, तुझं बरोबर होतं. हजेरी मांडली होती. मलाच माहीत नव्हतं.