हजारामागे एक

अमरावतीत राजापेठेला उतरणाऱ्या नव्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो. खोली कुठे मिळेल, मेस परवडेल का, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे द्यायचा? वऱ्हाडात या प्रश्नांना उत्तर शोधण्याचा इतिहास इथल्या विद्यापीठाहून जुना आहे.

1923 मध्ये अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघाले. पण खेड्यातल्या मुलाला शहरात टिकवले ते वसतिगृहांनी. पंजाबराव देशमुखांनी त्याच दशकाच्या उत्तरार्धात सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. ‘समुपदेशन’ हा शब्द तिथे कोणी वापरत नसेल. पण अडलेल्या मुलाला विचारायला माणूस होता.

शास्त्र म्हणून समुपदेशन आले ते दुसऱ्या वाटेने. 1908 मध्ये बोस्टनला फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय-मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले. स्वतःला ओळखा, व्यवसाय ओळखा, दोहोंची सांगड घाला, अशी त्यांची रीत. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात 1938 मध्ये आणि मुंबई सरकारकडून 1950 मध्ये सुरुवात झाली तीही व्यवसाय-मार्गदर्शनाचीच. पुढे विद्यापीठांत रोजगार माहिती केंद्रे आली. त्यामुळे सल्ला म्हणजे नोकरीचा सल्ला, असे समीकरण बसले. रात्री झोप लागत नाही, घरी कर्ज आहे, इंग्रजीतले व्याख्यान डोक्यावरून जाते, यांसाठी खिडकीच नव्हती.

कोठारी आयोगाने (1964–66) महाविद्यालयांत हजार विद्यार्थ्यांमागे किमान एक समुपदेशक सुचवला. आम्हाला आकडेमोडीची सवय, म्हणून करून पाहू. रोज 6 भेटी, वर्षाचे 200 दिवस, म्हणजे 1,200 भेटी. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक! पण दहातल्या एकालाच खरी गरज असेल, तर त्याला 12 भेटी मिळतात, आणि तेवढ्यात बरेच काम होते. प्रश्न एवढाच की तो दहावा कोण, हे कोणाला कळणार? जो रोज हजेरी घेतो त्याला.

1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळे झाले (2005 पासून त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे). विद्यापीठ जवळ आले खरे, तरी त्याचा बहुतेक विद्यार्थी विद्यापीठात नसतोच. तो दर्यापूर, मेहकर, वणीच्या महाविद्यालयात असतो. मार्डी रस्त्यावरच्या आवारात कितीही उत्तम कक्ष उघडला, तरी वणीची मुलगी बस पकडून तिथे मन मोकळे करायला येणार नाही. सुधारणा करायची तर ती महाविद्यालयात, आणि शक्यतो प्राचार्यांच्या दालनाला लागून नसलेल्या खोलीत करावी लागेल.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितले. यात शाळा आणि शिकवणी वर्गही आले. त्याच निकालात आणखी एक सूचना आहे: धोक्याची लक्षणे कशी ओळखावीत याचे प्रशिक्षण शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा द्यावे.