उमेदवारांची पारख

अमेरिकेतील बेसबॉलचे मोठे संघ आपले उमेदवार खेळाडू ‘मायनर लीग’मध्ये घडवितात. खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर कागदी संघ चालविण्याचा ‘रोटिसरी’ हा खेळ डॅनियल ओक्रेंट व त्यांच्या मित्रांनी १९८० मध्ये सुरू केला, आणि उद्याचा खेळाडू आजच हेरण्याची निकड रसिकांनाही भासू लागली. मायनर लीगमधील आकडे फसवे असतात, असे जाणकार मानीत. १९८५ मध्ये बिल जेम्स यांनी हे मत खोडून काढले. मैदान व लीग यांच्या अनुकूलतेचा वाटा वजा केल्यास तेच आकडे विश्वासार्ह ठरतात, असे त्यांनी दाखविले. (आमच्या गोपनीय अहवालांनाही हे सूत्र लावायला हरकत नव्हती!) अर्थात वयही पाहावे लागते, एकोणिसाव्या आणि पंचविसाव्या वर्षीच्या सारख्याच आकड्यांचे मोल सारखे नसते.

माइक पियाझाला डॉजर्स संघाने १९८८ मध्ये ६२व्या फेरीत घेतले, तेही संघव्यवस्थापक टॉमी लसोर्डा यांच्या शब्दाखातर. पुढे १९९२ मध्ये त्याने अल्बुकर्क येथे ०.३४१ ची सरासरी राखली. पण हे शहर सुमारे ५,००० फुटांवर. तेथील विरळ हवेत चेंडू दूर जातो. मग श्रेय हवेचे की मनगटाचे? १९९३ मध्ये डॉजर्सच्या मुख्य संघातून त्याने ०.३१८ च्या सरासरीसह ३५ होमरन मारले.