सावधान आणि चार्योत

ठाण्याहून नाशिकच्या दिशेने निघाले की महामार्गालगत मानकोली लागते. दुतर्फा गोदामांच्या रांगा, कंटेनरांची रहदारी, आणि त्यांच्या मागे आपला जुना आकार कसाबसा धरून राहिलेले गाव. काही महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी याच परिसरातल्या एका सभागृहातून मुलांचा एकसुरी आवाज कानी आला : 'हाना, दुल, सेत, नेत...' घरी आगरी बोलणारी ही मुले कोरियन भाषेत लाथा मोजत होती. तायक्वांदो हा खेळ शालेय क्रीडास्पर्धांत आल्यापासून ही मोजणी महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत पोहोचली आहे; तेव्हा यात नवल वाटण्याजोगे काही नाही. आम्हांला नवल वाटले ते पुढच्या उत्तराचे. 'चार्योत म्हणजे काय रे?' असे विचारताच एक चिमुरडा म्हणाला, 'सावधान!'

भाषांतर म्हणून हे उत्तर बिनचूक आहे; पण ते त्याहून अधिक काही आहे. 'चार्योत' हा आज्ञार्थ 'चारिदा' या अस्सल कोरियन धातूपासून आलेला. जेवणाचे ताट मांडणे, आवरसावर करणे यासाठी हाच धातू. आणि विखुरलेले मन गोळा करून भानावर येणे यासाठीही हाच. आपला 'सावधान' म्हणजे स-अवधान. कवायतीच्या मैदानाच्या कितीतरी आधी तो मंगलाष्टकांत होता, आणि बोहल्यावरून पळालेल्या नारायणाच्या कथेत त्याने काय केले हे मराठी वाचकाला सांगायला नको. दोन्ही भाषांनी शरीर ताठ करण्याचा हुकूम मनाच्या शब्दाने दिला, हे विशेष. (आमच्या मराठी शाळांत मात्र 'सावधान'नंतर लगेच 'दहिने मूड' येई, आणि मराठी कवायत हिंदीत वळे.)

या शब्दांमागे राजकीय इतिहास आहे. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. आधुनिक शाळा, शारीरिक शिक्षण आणि मैदानी खेळ यांची बरीचशी परिभाषा त्या काळात जपानमार्गे आली. 'उंदोंग' म्हणजे व्यायाम अथवा खेळ, 'चेयुक' म्हणजे शारीरिक शिक्षण, 'सॉन्सू' म्हणजे खेळाडू, 'यागू' म्हणजे बेसबॉल (शब्दशः 'मैदान-चेंडू') : हे सारे चिनी लिपिचिन्हांतून घडवलेले जोडशब्द. मराठीत 'व्यायाम', 'क्रीडा', 'स्पर्धा' या तत्सम शब्दांची जी प्रतिष्ठा, तीच तिकडे या शब्दांची. फरक इतकाच, की त्यांची घडण अनेकदा राज्यकर्त्यांच्या देशात झाली होती.

१९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारा सोन की-चोंग हा कोरियन. पण नोंद झाली ती 'सोन कितेई' या जपानी उच्चाराने, आणि छातीवर चिन्ह होते ते जपानचे. सोलच्या 'तोंगा इल्बो' या वृत्तपत्राने छायाचित्रातले ते चिन्ह पुसून टाकले आणि त्यापायी प्रकाशनबंदी ओढवून घेतली. त्याच वर्षी, त्याच शहरात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक भारतीय व्यायाम आणि खेळ यांची प्रात्यक्षिके दाखवीत होते. दोन पराधीन देशांची माणसे परक्या ध्वजांखाली एकाच शहरात होती. त्यांची भेट झाली असेल अशी कल्पना रंगवण्याचा मोह होतो, तो आम्ही आवरतो.

स्वातंत्र्यानंतर कोरियाने जे केले ते भाषेच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावे असे आहे. 'तायक्वांदो' हे नाव १९५५मध्ये पुढे आले, ते प्रामुख्याने जनरल छ्वे होंग-ही यांच्या पुढाकाराने. छ्वे स्वतः जपानमध्ये कराटे शिकलेले, आणि तोवर प्रचलित असलेले 'तांगसूदो' हे नावही कराटेच्याच एका जुन्या लेखनाचा कोरियन उच्चार. म्हणजे विद्येवर परक्यांचे ऋण होते, ते नाव बदलून फिटले नाही. हे प्राचीन परंपरेच्या गौरवगाथांत सहसा सांगितले जात नाही. पण नव्या नावामागोमाग जी परिभाषा रूढ झाली तिच्यात देशी धातूंना मोठे स्थान मिळाले. 'चागी' म्हणजे लाथ मारणे, 'माक्की' म्हणजे अडवणे, 'सॉगी' म्हणजे उभे राहणे. 'आप-चागी' पुढची, 'योप-चागी' बाजूची, 'तोल्यो-चागी' वळवून मारलेली. मराठीतल्या 'णे'प्रमाणे कोरियनमधला 'गी' क्रियापदाचे नाम करतो. त्यामुळे एक धातू कळला की दहा संज्ञा कळतात. रोजच्या व्यायामाच्या शब्दांतही तीच रीत. आपण ज्याला जोर म्हणतो त्याच्या जवळचा प्रकार म्हणजे 'पाल-गुप्यो-प्योगी' : हात वाकवून उलगडणे. दोरीवरच्या उड्या म्हणजे 'जुल्लॉम्गी', दोरी ओलांडणे. शब्द म्हणजेच कृतीची सूचना.

मोजणीचे मात्र दोन थर टिकले. लाथा मोजायच्या त्या 'हाना, दुल, सेत' अशा देशी संख्यांनी. 'पूमसे' या हालचालींच्या ठरीव क्रमांना मात्र 'इल-जांग, ई-जांग' अशा चिनी मुळाच्या संख्या. 'पहिला' आणि 'प्रथम' यांचे वाटप मराठीला जसे उमगते तसेच हे. मानकोलीची मुले ते व्याकरणाशिवाय अचूक पाळतात.

मराठीची शरीरभाषा याहून मिश्र. 'आखाडा' संस्कृत अक्षवाटापासून, 'तालीम' अरबी, 'कुस्ती' आणि 'पैलवान' फारसी. आणि या मातीत 'ढाक', 'घिस्सा', 'कलाजंग', 'धोबीपछाड'. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' काढला. त्याचा पहिला खंड १९३६चा, पुन्हा तेच वर्ष. क्रिकेट आले तेव्हा मराठीने तोफखान्यातला 'गोलंदाज' उचलला, त्याच्या धर्तीवर 'फलंदाज' घडवला, आणि कुस्तीतल्या 'चीत'पासून 'पायचीत', 'धावचीत' केले. बाळ ज. पंडितांच्या आकाशवाणीवरील समालोचनाने हे शब्द घरोघरी नेले. पारतंत्र्यातून आलेला खेळ मराठीने आखाड्याच्या भाषेत मांडला, हे आम्हांला कोरियाच्या उद्योगाहून कमी वाटत नाही.

उणे कुठे पडले? जो खेळ आपलाच होता, तिथे. तायक्वांदोचा पंच जगात कुठेही 'शिजाक' म्हणून लढत सुरू करतो आणि 'कुमान' म्हणून थांबवतो. कबड्डी जगात गेली तेव्हा 'चढाई' आणि 'पकड' मागे राहिल्या. 'रेड' आणि 'टॅकल' पुढे गेले. आंतरराष्ट्रीय नियमावलीत 'लोण' तेवढा 'लोना' होऊन तगला, आणि अर्थात चढाई करणाऱ्याचा तो सक्तीचा उच्चार. २०१६च्या अहमदाबाद विश्वचषकात दक्षिण कोरियाने भारताला ३४-३२ असे हरवले. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत साखळीत पुन्हा हरवून रौप्यपदकही नेले. प्रो कबड्डीत बंगालकडून नाव कमावलेला ली जांग-गुन 'कबड्डी, कबड्डी' म्हणतच चढाईला जातो. त्या एका शब्दाला कोरियन पर्याय नाही. नियमच तसा आहे.

भिवंडीच्या गावांत कबड्डी मातीवर होती, आता मॅटवरही आहे. त्या रविवारी वर्ग सुटल्यावर पांढऱ्या 'तोबोक'मधली तीनचार मुले सभागृहाबाहेर पैजेने जोर काढू लागली. एक मोठ्याने मोजत होता, 'हाना, दुल, सेत...' 'यॉल'पर्यंत, म्हणजे दहापर्यंत, तो न अडखळता गेला. त्यापुढचे कोरियन त्याला कुणी शिकवले नव्हते. श्वासही न घेता तो म्हणाला, 'अकरा, बारा, तेरा.'