लंडनचं धुकं आणि दोन वह्या

मंडळी, सर्व्हर आडवा झाला की आपण आधी काय उघडतो? लॉग! १९५२ साली अख्खं लंडन आडवं झालं, तेव्हा त्याचेही लॉग होते. फक्त ते दोन वेगळ्या वह्यांत होते.

५ डिसेंबर, शुक्रवार. कडाक्याची थंडी, वारा ठप्प. खाली गार हवा आणि वर उबदार हवेचा थर, म्हणजे शहरावर झाकणच बसलं. घरोघरच्या शेकोट्यांतला आणि वीजकेंद्रांतला कोळशाचा धूर खालीच कोंडला, तो ९ तारखेपर्यंत. बसेस थांबल्या. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धूर शिरला आणि ऑपेरा अर्ध्यावर बंद करावा लागला. पण लंडनकरांना धुक्याची सवय, त्यामुळे 'नेहमीचंच आहे' म्हणून लोक नाकाला रुमाल लावून कामाला गेले.

गंमत म्हणजे हवा तेव्हाही रोज मोजली जायची. पद्धत साधी: पंपाने हवा पांढऱ्या फिल्टर कागदातून ओढायची आणि चोवीस तासांत डाग किती काळा पडला त्यावरून धूर ठरवायचा. पुढे तीच हवा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणातून जायची, त्यात तयार झालेल्या आम्लावरून सल्फर डायऑक्साइड कळायचा. पण आकडा हाती येईपर्यंत दिवस उलटलेला. थोडक्यात, मॉनिटरिंग होतं, अलर्ट नव्हता.

दुसरी वही मृत्यूनोंदणीची. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात ग्रेटर लंडनमध्ये ४,७०३ मृत्यू; आदल्या वर्षी त्याच आठवड्यात १,८५२. १९५४ मध्ये विल्किन्स या शास्त्रज्ञाने दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. धूर, सल्फर डायऑक्साइड आणि मृत्यू यांच्या रेषा बरोबरीनेच वर चढलेल्या दिसल्या. १९५६ मध्ये 'क्लीन एअर अ‍ॅक्ट' आला. काही भागांत धुराला बंदी झाली आणि घरातल्या शेकोट्या बदलायला अनुदान मिळालं.

तरी सरकारी आकडा ४,०००च्या आसपासच राहिला. १९५३च्या सुरुवातीचे जादा मृत्यू फ्लूच्या नावावर टाकले गेले. (बग दुसऱ्याच्या मॉड्यूलवर ढकलणं आपल्याला काही नवीन नाही!) २००१ मध्ये मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस यांनी हे जुने आकडे पुन्हा तपासले. त्यांच्या हिशोबाने एवढे मृत्यू फ्लूने होणं पटत नव्हतं. एकूण सुमारे १२,००० असावेत.

आज हवेचा आकडा मोबाईलवर मिळतो. तो पाहताना एक प्रश्न जरूर विचारा: याच्या शेजारची दुसरी वही कोण लिहितंय?