मल्डरचं पोस्टर, स्कलीचा रिपोर्ट

शनिवारी सकाळी चहा घेता घेता 'द एक्स-फाइल्स' पहिल्या सीझनपासून परत लावली. हॉस्टेलवर असताना एका सीनियरच्या हार्ड डिस्कवरून कॉपी करून सगळी पाहिली होती. तेव्हा मजा यायची ती परग्रहवासीयांची. या वेळी मात्र लक्ष सारखं तारखांकडेच जात होतं.

मालिका अमेरिकेत १० सप्टेंबर १९९३ ला सुरू झाली. सोव्हिएत युनियन कोसळून दोन वर्षंही झाली नव्हती. बाहेरचा शत्रू संपला, आता संशय घ्यायचा कुणाचा? क्रिस कार्टरने उत्तर दिलं, आपल्याच सरकारचा!

हा संशय हवेतून आलेला नव्हता. टस्कीगीत सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना तब्बल ४० वर्षं उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. ते १९७२ ला उघड झालं. सीआयएने 'एमके-अल्ट्रा'मध्ये लोकांना नकळत एलएसडी दिलं, आणि १९७३ ला त्याच्या बहुतेक फायली नष्ट केल्या. रॉझवेलचं तर विचारूच नका. १९४७ ला सैन्याने सांगितलं, हवामानाचा फुगा पडला. १९९४ ला हवाई दलाचा अहवाल आला की ते अवशेष बहुधा सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेणाऱ्या गुप्त 'मोगल' प्रकल्पाचे होते. म्हणजे एलियन खोटे, पण लपवाछपवी खरी! माझ्या मते मालिकेची सगळी जादू या एका वाक्यात आहे.

पुढे ११ सप्टेंबर २००१ झालं. हादरलेल्या लोकांना तेव्हा सरकारवर विश्वास ठेवायचा होता. मालिकेचा प्रेक्षक आधीच कमी होत चालला होता, मे २००२ मध्ये ती संपली. (२०१६ आणि २०१८ ला परत आली, पण ती गंमत नव्हती.)

असो. हे सगळं आठवण्याचं कारण माझे काका. २०२१ मध्ये ते लस घेईनात. "सरकार काहीतरी लपवतंय," एवढंच म्हणायचे. मी चिडून वाद घातला, तर म्हणाले, "सरकार कधीच खोटं बोलत नाही, असं म्हणायचंय का तुला?" मी गप्प. च्यायला, हा तर मल्डरचाच प्रश्न! शेवटी काकूने परस्पर नाव नोंदवलं म्हणून त्यांनी लस घेतली, पण आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

आज उत्तर सापडल्यासारखं वाटतंय. टस्कीगी उघड झालं ते खात्यात पूर्वी काम केलेल्या पीटर बक्स्टन नावाच्या माणसाने कागद पत्रकाराच्या हाती दिले म्हणून. 'एमके-अल्ट्रा'ची सुमारे २०,००० कागदपत्रं वाचली, कारण ती हिशेबाच्या फायलींत पडून राहिली होती. ती १९७७ ला सापडली, कुणीतरी माहितीच्या कायद्याखाली मागणी केली म्हणून. खोटं पकडलं गेलं ते कागदांवरून. मल्डरच्या खोलीत विश्वास ठेवायचाय म्हणणारं पोस्टर होतं, पण शवविच्छेदन करून रिपोर्ट लिहायला स्कलीच बसायची. आम्ही प्रोग्रामर नाही का, 'मला वाटतं बग इथे आहे' म्हणणाऱ्याला आधी लॉग दाखव म्हणतो :-)

काकांचा प्रश्न चुकीचा नव्हताच. मी त्यांना तेव्हा "हो काका, सरकार खोटं बोलतं. चला, कागद बघू," असं म्हणायला हवं होतं.

उद्या रविवार आहे. फोन करतो.