माँटगोमेरीच्या वाटेवरचं स्वयंपाकघर



आज आपण नकाशावर बोट ठेवून एक सहल आखू या. देश अमेरिका, भाग दक्षिणेचा, दिवस चार. जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरातून निघायचं, शेजारच्या अलाबामा राज्यातली बर्मिंगहॅम, सेल्मा आणि माँटगोमेरी ही गावं करायची आणि परत अटलांटाला यायचं. रस्ते चांगले आहेत, एका गावाहून दुसऱ्या गावाला मोटारीने दोन-अडीच तास पुरतात.

हीच गावं का? कारण इथे एकेकाळी गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी होती. पाण्याचा नळ वेगळा, बसमधली जागाही वेगळी. आणि हे सगळं कायद्यानेच! महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट ज्यांना माहीत आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पहिला दिवस अटलांटाचा. मार्टिन ल्यूथर किंग इथे १९२९ साली जन्मले. त्यांचं घर आहे, त्यांची आणि पत्नी कोरेटा यांची समाधी आहे. हे दोघे १९५९ साली भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात राहिले होते.

दुसरा दिवस बर्मिंगहॅमचा. १५ सप्टेंबर १९६३, रविवार. सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि प्रार्थनेची तयारी करणाऱ्या चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. शेवटच्या आरोपीला दोषी ठरवायला २००२ साल उजाडलं. ते चर्च आजही उभं आहे. तिथे घाई करू नये.

तिसऱ्या दिवशी सेल्मा. मतदानाच्या हक्कासाठी ७ मार्च १९६५ रोजी लोक इथल्या पुलावरून निघाले आणि पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी झोडपलं. अमेलिया बॉयंटन ही कार्यकर्ती मार खाऊन बेशुद्ध पडली. दोनच आठवड्यांनी लोक पुन्हा निघाले आणि पाच दिवसांत सुमारे ८७ किलोमीटर चालून माँटगोमेरीला पोचले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. म्हणून आपणही सेल्माहून माँटगोमेरीलाच जायचं, उलट नाही. ते चालले त्याच दिशेने.

चौथा दिवस माँटगोमेरीचा. १ डिसेंबर १९५५ रोजी शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही, म्हणून त्यांना अटक झाली. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या शिक्षिकेने जागून हजारो पत्रकं छापली : सोमवारी बसमध्ये बसू नका. तो सोमवार ३८१ दिवस चालला! धुणंभांडी करणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या बायका कामावर पायी जात. ज्यांना चालवत नसे त्यांच्यासाठी मोटारी फिरत.

आता आपल्या गटाचा नेहमीचा प्रश्न : पेट्रोलचे पैसे कुठून आले?

देणग्या आल्या, पण काही पैसे चुलीवरूनही आले. जॉर्जिया गिलमोर नावाची एक स्वयंपाकीण होती, सहा मुलांची आई. तिने बायका जमवल्या. कोंबडीचं सँडविच, केक, रताळ्याचे गोड पदार्थ घरी करायचे, विकायचे आणि पैसे चळवळीला द्यायचे. गटाचं नाव काय ठेवलं? ‘कुठलाच नाही असा क्लब’! पैसे कुठून आले असं कुणी विचारलं, तर उत्तर तयार : कुठूनच नाही. कारण नाव कळलं तर मालकीण कामावरून काढणार. कोण करतं, कोण विकत घेतं, हे एकट्या जॉर्जियाला ठाऊक. जमलेली रक्कम मात्र ती भरसभेत सांगायची आणि लोक टाळ्या वाजवायचे.

तिने स्वतः किंग यांच्या खटल्यात उघड साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली. मग किंग यांच्या मदतीने तिने घरीच खानावळ घातली. पुढे चळवळीतले पुढारी तिथेच जेवत आणि तिथेच बोलणी करत. १९५६च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेद बेकायदा ठरवला आणि डिसेंबरात बहिष्कार संपला. त्या दाव्यातही वादी चौघी बायकाच होत्या.

१९९० साली सेल्माच्या मोर्चाला पंचवीस वर्षं झाली. त्या निमित्ताने येणाऱ्या लोकांसाठी स्वयंपाक करत असतानाच जॉर्जिया गेली. तिच्या घरापुढे आज फलक आहे. संग्रहालयं पाहून झाल्यावर गाडी तिथेही थांबवायची.

सख्यांनो, त्या बायकांना नाव लिहायची सोय नव्हती, म्हणून त्यांतल्या कितीतरी जणी इतिहासात निनावी राहिल्या. आपल्या वहीला तशी भीती नाही. दारूबंदीचा अर्ज असो की पाण्याचा मोर्चा, पुढे कोण चाललं हे आपण लिहितोच. भाकऱ्या कुणी थापल्या, कुणाचं मूल कुणी सांभाळलं, तेही पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहा. तारखेसकट, पूर्ण नावानिशी.