कलदार आणि हाली

नारायण पेठेतल्या माझ्या कपाटात आजोबांचे दोन रुपये आहेत. एकावर पंचम जॉर्ज. दुसऱ्यावर चारमिनार, आणि त्याच्या मधल्या कमानीत निजाम उस्मान अलींच्या नावातलं ‘ऐन’ हे अक्षर, इतकं बारीक की भिंग लागतं. दोन्ही तळहातांवर धरले की चारमिनारचा किंचित हलका लागतो. पहिला कलदार, दुसरा हाली.

आजोबा बार्शीला एका अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांचा निम्मा दिवस या दोन रुपयांमधला बट्टा मांडण्यात जाई. शंभर कलदारांना एकशे सोळाच्या आसपास हाली, हा ढोबळ हिशेब. सुगीत सगळ्यांनाच कापूस घ्यायला हाली हवा असे, मग तो वधारे. बार्शी इंग्रजी मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. पण जवळजवळ चहूबाजूंनी मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. लातूर तिथून शंभरेक किलोमीटर. बोली तीच, पंढरीची वाट तीच. नाणं वेगळं, कायदा वेगळा, टपालाचं तिकीटसुद्धा वेगळं. आणि मध्ये करोडगिरीचा नाका. 1802 च्या तहापासून ठरून गेलेली शेकडा पाच जकात भरल्याशिवाय माल पुढे सरकत नसे.

या नाक्यापलीकडे पुण्याचा पैसा गेला, त्याची ठळक खूण टिळकांची आहे. 1890 च्या अखेरीस त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’चं कर्ज अंगावर आलं. चरितार्थासाठी त्यांनी कायद्याचे वर्ग काढले आणि भागीदारीत लातूरला जिनिंगचा कारखाना घातला. आमच्या पेठेतला गायकवाडवाडा बडोद्याच्या सयाजीरावांकडून त्यांनी विकत घेतला तो 1905 साली, म्हणजे लातूरची यंत्रं त्याच्याही बरीच आधीची. लातूर का, हे समजायला बोंडातला कापूस हातात घ्यावा. त्याच्या वजनात सुमारे दोन वाटे सरकी, एक वाटा रुई. तो तसाच गाडीत भरला तर भाडं सरकीचंच पडतं. कापूस पिकतो तिथेच सरकी काढणारे रेचे फिरले की ते भाडं वाचतं. पुढे 1897 त बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ बार्शीला आले आणि 1911 साली लातूरला पोचले. मग गाठी थेट डब्यात चढू लागल्या.

पुण्याला 1905 ची परदेशी कापडाची होळी आठवते, आठवावीच. पण लातूरच्या त्या कारखान्याची आठवण इथे कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं. स्वदेशी म्हणजे रेचे, तेल, हिशेबाच्या वह्या आणि परक्या राज्यात पैसा गुंतवण्याची छातीसुद्धा होती. तरी एक गोष्ट मला सलते. रुई मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांकडे गेली, कापड होऊन परतली, आणि जाता-येता नाक्यावर थांबली. कापूस पिकवणाऱ्याच्या हाती सरकी राहिली.

मग 1948. आदल्या नोव्हेंबरात भारत आणि हैदराबादमध्ये जैसे थे करार झाला होता, पण निजाम सरकारने भारतीय रुपयाचं चलन बंद केलं आणि भारताने तिकडे जाणारा माल अडवला. आजोबांच्या दुकानातली लातूरची उधारी खात्यावर तशीच पडून राहिली. 17 सप्टेंबरला हैदराबाद शरण आलं. हाली त्यानंतरही काही वर्षं चालला. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला तोवर आजोबांच्या वहीतला बट्ट्याचा रकाना कोरा पडला होता.

आज पैशाची दिशा उलटी आहे. आमच्या पेठेतल्या जुन्या वाड्यांत कॉट बेसिसवर मुलं राहतात, लातूरची, धाराशिवची, बीडची. सकाळी सहाला अभ्यासिकेबाहेर चपलांची रांग लागलेली असते. वरच्या मजल्यावरचा मुलगा औशाचा. वडील सोयाबीन अडतीवर घालतात आणि त्यातून दर महिन्याला त्याचं भाडं, मेस आणि क्लासची फी पाठवतात. लातूरच्या अडतीचा पैसा आता नारायण पेठेत मुरतो.

परवा त्याला मी ते दोन रुपये दाखवले. त्याने हाली उजेडात धरून कमानीतलं अक्षर शोधलं.

“शंभर कलदारांना हे किती यायचे, काकू?”

“एकशे सोळाच्या आसपास.”

त्याने मोबाइल काढला आणि खोलीचं भाडं हालीत किती होतं ते मांडायला बसला.